दातार आणि त्यांचा बागवाला

आमच्या मजल्यावरचे दातार एक ग्लास पाणी बावीस मिनिटं पितात. मी घड्याळ लावून बघितलंय. साधं नळाचं पाणी, उकळून गार केलेलं. सकाळी गॅलरीत प्लास्टिकची खुर्ची टाकतात, ग्लास उजेडात धरून बघतात, एक घोट घेतात, डोळे मिटतात आणि बोलतात, "आहा!" मग दुसरा घोट. त्यांची गॅलरी आणि माझी गॅलरी यांच्यामध्ये एक जाळी आहे फक्त. पहिल्यांदा तो "आहा" ऐकला तेव्हा मला वाटलं, म्हातारा सकाळी सकाळीच लावून बसलाय. मी जाळीला नाक लावून वास घेतला. पाणीच होतं.

"काय दातार, एवढं काय आहे त्या पाण्यात?"

"तहान होती, ती गेली," दातार बोलले. "याच्यावर सुख नाही, काशिनाथराव. याच्यापुढची सगळी नुसती सजावट."

मी कोलशेतचा कोळी. बापाबरोबर खाडीत होड्या मारल्या, चौथीनंतर शाळा बघितली नाही, पुढे इथल्याच एका रंगाच्या कंपनीत फिटर म्हणून हयात घालवली. गावठाणाच्या कडेला बिल्डरने ही इमारत बांधली त्यात मला घर मिळालं. दातार आले डोंबिवलीहून. जन्म तिथला, नोकरी विमा कंपनीत, लग्न नाही. रिटायर झाल्यावर तिथलं घर विकलं आणि खाडी दिसते म्हणून इथे आले. शाकाहारी माणूस कोळीवाड्याला लागून घर घेतो, तेव्हाच मी समजायला पाहिजे होतं की यांचा एक स्क्रू वेगळ्या आट्याचा आहे.

हा माणूस सुखाचा अभ्यास करतो. मस्करी नाही. ग्रीस देशात तेवीसशे वर्षांपूर्वी एक गुरू होऊन गेला. त्याचं नाव माझ्या जिभेला चढत नाही. तो शहराबाहेर एका बागेत दोस्त गोळा करून राहायचा, म्हणून मी त्याला बागवाला बोलतो. त्याचं म्हणणं, माणूस जगतो ते सुखासाठी. आता जगभरातले दहा-बारा जण दर रविवारी संध्याकाळी लॅपटॉपवर भेटतात आणि त्या बागवाल्याने काय सांगितलं त्याच्यावर चर्चा करतात. त्या मंडळाला पण ते बागच म्हणतात. आमचे दातार त्या बागेतलं जुनं झाड.

सोसायटीत बोभाटा झाला तो वेगळाच. वॉचमनने कोणाला तरी सांगितलं की दातार साहेब कॉम्प्युटरवर गोऱ्या बायकांबरोबर सुखाचा क्लास करतात. कमिटी घाबरली. शेजारी म्हणून मला बघायला पाठवलं. मी पण मोठ्या हौसेने गेलो, खोटं कशाला बोलू. दार उघडंच होतं. पडद्यावर चौकटी चौकटीत म्हातारे चेहरे. एक पांढऱ्या दाढीचा ग्रीक, एक लाल केसांची बाई, बाकीचे असेच. सगळे तावातावाने भांडत होते.

"काय चाललंय?" मी हळूच विचारलं.

"चीज," दातार बोलले. "चीज नंबर एकमध्ये धरायचं की नंबर दोनमध्ये."

दीड तास. मी अर्ध्या तासाने उठलो. कमिटीला सांगितलं, बिनधास्त राहा, आपल्या मुलाबाळांना काही धोका नाही.

ते नंबरांचं प्रकरण सांगायला पाहिजे, कारण दातारांशी दोन मिनिटं बोललात तरी ते तुम्हाला चिकटणार. नंबर एक म्हणजे ज्याच्याशिवाय दुखतं. पाणी, भाकर, डोक्यावर छप्पर, आणि मित्र. नंबर दोन म्हणजे मिळालं तर मजा, नाही मिळालं तर रडायचं नाही. मोदक, हापूस, पंख्याऐवजी एसी. नंबर तीन म्हणजे कितीही मिळालं तरी पोट भरत नाही. नाव, खुर्ची, शेजाऱ्यापेक्षा मोठी गाडी. माझ्या मुलाने, महेशने, नवीन गाडी घेतली तेव्हा आम्हा दोघांना फिरवायला नेलं. घोडबंदर रोडला एका जागी पाऊण तास उभे. महेश स्टीअरिंगवर हात आपटतोय आणि मागून दातार शांतपणे, "गाडी नंबर तीन. पण गारवा छान आहे हो. गारवा नंबर दोन."

कोणी भेटलं की लोक "कसे आहात" विचारतात. दातार विचारतात, "दुखत नाही ना कुठे?" दुखत नाही म्हटलं की खूश. "मग झालं! हेच ते. लोक शोधत फिरतात, ते हेच." माझ्या पुतण्याच्या लग्नात स्टेजवर चढून नवऱ्या मुलाला त्यांनी हेच विचारलं. तो बिचारा घाबरून आईकडे बघायला लागला.

बागवाल्याचं आणखी एक सांगणं, गाजावाजा करू नका, गपचूप जगा. म्हणून दातारांच्या दारावर नावाची पाटी नाही. त्यांची सगळी कुरियरं माझ्याकडे येतात. एकदा कमिटीने त्यांना न विचारता सेक्रेटरी केलं, तर चार दिवस घरात दडी मारून बसले. आणि देवाचं विचारू नका. गणपतीत मी त्यांना मुद्दाम डिवचलं, "काय, तुमचा बागवाला देव मानतो की नाही?"

"मानतो ना. देव आहेत. अत्यंत सुखात आहेत. म्हणून तर तुमच्या-माझ्या भानगडीत पडत नाहीत. जो सुखात असतो तो दुसऱ्याचे निकाल बघत बसेल कशाला?"

एवढं बोलून आरतीला सगळ्यांत पुढे उभे राहिले, टाळ वाजवले आणि पाच मोदक खाल्ले. "नंबर दोन," बोट चाटत बोलले.

हे सगळं मी हसून ऐकायचो. हसलो नाही ते एकाच गोष्टीला. बागवाला सांगतो की मरणात घाबरण्यासारखं काही नाही. आपण आहोत तोवर ते नाही, ते आलं की आपण नाही, मग भेट होतेच कुठे? असं दातार मला समजावून सांगायचे. मी बोलायचो, "पस्तीस वर्षं लोकांना मरणाची भीती दाखवून विमे उतरवलेत, आणि आता बोलता घाबरू नका?" ते लाजायचे. "प्रायश्चित्त समजा," बोलायचे.

मग माझी बायको यशोदा, माझी येसू, गेली.

येसू नाक्यावर मासळीची पाटी लावायची. तिच्या बाजूला तिची चुलतबहीण भानू. दोघींनी मिळून अर्ध्या कोलशेतला मासळी खायला घातली असेल. शेवटचे नऊ दिवस ती हॉस्पिटलात होती. आठव्या दिवशी मला बोलली, "अवो, थोडं बोंबलाचं कालवन आना ना. तोंडाला चव नाय." डॉक्टरने तिखट बंद केलेलं. मी बोललो, "बरी हो, घरी चल, मग टोपभर करतो." नवव्या दिवशी ती गेली.

दहाव्याला खाडीच्या काठावर पिंड ठेवला. भाताचा गोळा, बाजूला बोंबील. आणि कावळा येईना. एक पण नाही. आमच्यात काय, सगळ्यांच्यातच असतं, गेलेल्या माणसाचं काही मागे राहिलं असेल तर कावळा शिवत नाही. मग घरचे लोक हात जोडून कबूल करतात. महेश बोलला, "आई, बाबांना सांभाळीन." नाही आला. माझी बहीण बोलली, नातीचं लग्न थाटात करू. नाही. भानू बोलली, तुझी पाटी मी चालवीन. नाही. मी काहीच बोललो नाही. मला माहीत होतं तिला काय पाहिजे होतं, आणि ते द्यायची वेळ निघून गेलेली. साडेबारा वाजले. गुरुजींना दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला.

गवताचा कावळा. जिने मला इतकी वर्षं गरम जेवू घातलं, तिला मी गवताच्या कावळ्याकडून घास दिला.

त्या दिवसापासून मी मासळी सोडली. ती उपाशी आहे तर मी पण नाही खाणार. कोळी माणूस, आणि वरण-भात खातोय. भानू रोज शिव्या घालायची. रोज सकाळी मी बोंबील भाजून गॅलरीत ताटलीत ठेवायचो आणि कावळ्याची वाट बघायचो. आमच्या इमारतीत कबुतरांचंच राज्य. कावळा कधी बसलाच नाही. बाजूला जाळीपलीकडे दातार आपलं पाणी घेऊन बसलेले. शाकाहारी माणसाला भाजक्या बोंबलाचा वास म्हणजे काय असतो, तुम्ही समजू शकता. नऊ-दहा महिने त्यांनी नाक धरलं नाही की चकार शब्द काढला नाही. एक दिवस मात्र विचारलं.

"काशिनाथराव, हे रोज कोणासाठी?"

मी सगळं सांगितलं. पोराला पण सांगितलं नव्हतं ते कालवणाचं पण सांगितलं. दातारांनी ऐकून घेतलं. ग्लास मांडीवर ठेवला. मग बोलले, "यशोदाबाई आता कुठेच नाहीत. म्हणून त्यांना काही नको आहे. भूक लागायलासुद्धा कोणीतरी असावं लागतं."

त्यांना चांगलंच बोलायचं होतं, आज मला कळतं. त्या दिवशी नाही कळलं. माझ्या बाजूला कुंडीला घालायच्या पाण्याचा तांब्या होता. तो मी उचलला आणि जाळीतून सगळा त्यांच्या तोंडावर फेकला. "घे तुझा नंबर एक!" मी ओरडलो. "माझी बायको कुठेच नाही बोलतोस? तुझं कोण होतं म्हणून तुला कळणार?"

दातारांनी चष्मा काढून पुसला आणि आत गेले. त्यानंतर आमचं बोलणं बंद. त्यांची कुरियरं मी दाराबाहेर जमिनीवर ठेवायचो, जरा आपटूनच.

दीड महिना गेला. एक दिवस नाक्यावर भानूने मला हाक मारली.

"नाना, तुजा तो चष्मेवाला सेजारी पिसाललाय काय रं?"

"का? काय केलं?"

"रोज सकालचा येतो. बोंबील दे बोलतो. पयल्या दिसी दोन बोटांत धरून असा नेला, जसा काय उंदीर हाय! मी बोल्ले, भाऊ, खाता का तुमी? तं बोलतो, नाय, पावने येतात."

"पाहुणे? त्याच्याकडे? अगं त्याच्या दाराला पाटी पण नाही."

"मना काय म्हाईत! चांगले असतील पावने, रोज येतात."

मला असा आनंद झाला की काय सांगू. सापडला! मला अक्कल शिकवतो, आणि स्वतः चोरून बोंबील खातो! त्या दिवशी मी लिफ्टमध्ये, गेटवर, पार्किंगमध्ये, जो भेटेल त्याला सांगितलं. दोन दिवसांत सोसायटीभर झालं. पोरं दातारांना विचारायला लागली, "आजोबा, बोंबील नंबर कितीमध्ये?" कमिटीचा एक जण तोंडावर हसला. दातार मान खाली घालून निघून जायचे. एका शब्दाने नाही बोलले की मी खात नाही. मी बोललो, बघा, बोलणार कसा, चोरी पकडली.

येसूचं वर्षश्राद्ध आलं. खाडीवर जायची माझी हिंमत नव्हती, म्हणून महेशने गच्चीवर व्यवस्था केली. माझी बहीण, भानू, महेश, सूनबाई, पाच-सहा नातेवाईक. पान वाढलं. भात, वडे, आणि कालवण. वर्षभरानंतर पहिल्यांदा मी स्वतः कालवण केलेलं, चवही न बघता. पान कठड्याजवळ ठेवलं आणि मी मागे झालो. पुन्हा तसंच झालं तर? या वेळेला पण नाही आला तर मी पुढचं आयुष्य कसं काढणार, हाच विचार. भानूने माझा दंड धरून ठेवलेला.

आणि काव काव करत सात-आठ कावळे आले. असे आले की जसं काय बस पकडायचीय. पण पानाकडे नाही! सरळ पाण्याच्या टाकीमागे घुसले. टाकीमागून माणसाचा आवाज आला, "अहो! अहो, इकडे नाही! काय करता!" आणि डोक्यावर दोन्ही हात धरून दातार बाहेर पळत आले. एक कावळा खांद्यावर, एक डोक्याभोवती, बाकीचे मागे.

"तिकडे! पान तिकडे आहे!" दातार कावळ्यांना हात करून दाखवत होते. कावळ्यांना "अहो" बोलणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला.

"ह्यो कोन आनि?" माझी बहीण किंचाळली.

दातार धडपडत पानापर्यंत गेले, गुडघ्यावर बसले आणि बोटाने कालवणातला बोंबील दाखवला. एक बारीक, मानेला राखाडी कावळा कठड्यावर उतरला. त्याने दातारांकडे बघितलं, पानाकडे बघितलं आणि बोंबील उचलून घेऊन गेला. मग बाकीचे तुटून पडले. भाताचा कण ठेवला नाही.

भानू रडत होती. आणि मला हसू फुटलं. आवरेना. पोट धरून खाली बसलो. येसू गेल्यापासून पहिल्यांदा. महेश घाबरला, बाबांना काही झालं की काय. मी हाताने नाही नाही बोललो आणि आणखी हसलो. दातार तसेच गुडघ्यावर, शर्टावर कावळ्याची शिट, चष्मा एका कानावरून लोंबतोय.

सगळे जेवायला खाली गेले. मी दातारांना थांबवलं.

"पाहुणे म्हणजे हे?"

"हो."

"दोन महिने?"

"नऊ आठवडे, इथे गच्चीवरच. महेशला ही जागा मीच सुचवली होती. पहिले दहा दिवस तर फिरकलेच नाहीत. मग तो बारीक आला एकटा, त्याने बाकीच्यांना आणलं." शर्ट झटकत बोलले, "कावळा चेहरा विसरत नाही, हे मी वाचलं होतं. पण त्याचा असा परिणाम होईल हे लक्षात आलं नाही. चूक झाली. मी येऊनच चालणार नव्हतं. पण राहवलं नाही."

"तुम्हीच बोलला ना, ती कुठेच नाही?"

"नाहीतच."

"मग बोंबील कोणासाठी घातले?"

"तुम्ही आहात ना," दातार बोलले. "रोज सकाळी जाळीतून दिसता. तुमचं दुखत होतं. मी त्या दिवशी ज्ञान सांगितलं, पण दुखणं थांबलं नाही. ज्या ज्ञानाने दुखणं थांबत नाही ते ज्ञान नंबर तीन. मग म्हटलं दुसरा उपाय बघू."

मग त्यांनी मला कठड्याशी नेलं आणि खाडीकडे बोट केलं. "ते बघा. नव्या पुलाचे खांब, वर्षापूर्वीपासून ठोकतायत. घण अजून पडतोय, ऐकू येतो?"

येत होता. धाड. धाड. आम्हाला त्याची सवय झालेली.

"तुम्ही पाणी फेकलंत ना, त्यानंतर मी तीन दिवस तुमच्या त्या काठावर जाऊन बसलो. सकाळपासून. घण सुरू झाला की तिथले सगळे कावळे पलीकडे तिवरांच्या झाडीत जातात. दुपारी एक वाजता कामगार जेवायला बसतात, घण थांबतो, आणि पाच-सात मिनिटांत कावळे परत काठावर. तिन्ही दिवस तसंच. तुम्ही किती वाजता उठलात तिथून?"

"साडेबारा."

"अर्धा तास, काशिनाथराव. अर्धा तास थांबला असता तर आले असते. यशोदाबाईंचा काही संबंध नव्हता त्यात. त्या रागावल्या नव्हत्या. नुसता आवाज होत होता."

मी टाकीच्या कट्ट्यावर बसलो. गंजलेला नट असतो ना, जोर लावून सुटत नाही, तेल घालून ठेवला की मग एकदम बोटाने फिरतो, तसं छातीत काहीतरी फिरलं. आवाज होत होता. एवढंच. वर्षभर मी माझ्या बायकोला भुकेली समजत होतो, आणि तिकडे खांब ठोकत होते.

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही बोलत नव्हता. आणि सांगून पटलं नसतं. डोळ्यांनी बघितल्याशिवाय माणसाचं भय जात नाही."

"मी सगळ्यांना सांगितलं तुम्ही चोरून बोंबील खाता."

"हो, ऐकलं."

"मग बोलला का नाही की कावळ्यांसाठी नेतो?"

"बोललो असतो तर तुम्हाला कळलं असतं," दातार बोलले. "मग कावळे कितीही आले तरी काय उपयोग?"

माझी बहीण आजपण बोलते की येसूने शेवटी घास घेतला. मला माहीत आहे की दातारांनी कावळे शिकवले. दोन्ही खरं धरलं तरी माझं काही बिघडत नाही. मी त्या रात्री आडवा झालो तो सकाळीच उठलो.

त्यानंतर पाच दिवसांनी वीस तारीख आली. वीस तारीख हा बागेचा सण. दर महिन्याला असतो. बागवाल्याने म्हणे लिहून ठेवलेलं की आपला एक दोस्त गेला, त्याच्या आणि माझ्या आठवणीत दर महिन्याच्या विसाव्याला एकत्र जेवा. रडायचं नाही, जेवायचं, आणि त्या माणसाबरोबर काय मजा केली ते आठवायचं. हे मला दातारांनी पूर्वीच सांगितलेलं, तेव्हा मी कानामागे टाकलेलं. आता मला वाटलं, हे बरं आहे. येसूला हेच आवडलं असतं.

मी नाक्यावर गेलो. भानूकडून ओले बोंबील घेतले. पाटाखाली दाबून पाणी काढलं, रव्यात घोळवले, कुरकुरीत तळले. वर्षभरानंतर घरात तो आवाज झाला. ताटली भरून संध्याकाळी सातच्या सुमाराला दातारांकडे गेलो. दार नेहमीसारखं उघडं. दातार टेबलाशी एकटे बसलेले, समोर भाकरी, वांग्याची भाजी आणि लॅपटॉप. पडद्यावर सगळी बाग जेवत होती. आणि मला दिसलं की प्रत्येक चौकटीत दोन-दोन, तीन-तीन माणसं होती. कोणाची बायको, कोणाचा शेजारी, कोणाचा म्हातारा दोस्त. एकटं कोणी नव्हतं. आमचे दातार सोडून.

मी दारातून आत पाऊल टाकलं, हातात ताटली, आणि पडद्यावर एकच गोंधळ झाला. ग्रीक दाढीवाला उभा राहिला. लाल केसांची बाई टाळ्या वाजवायला लागली. सगळे ओरडत होते. मला इंग्रजी येत नाही, पण कान आहेत. "काशिनाथ! काशिनाथ!" ऐकू आलं. "फिश" ऐकू आलं. "किचन, किचन" ऐकू आलं. आणि त्या बाईने छातीवर हात ठेवून "येसू" म्हटलं, ते पण ऐकलं.

"दातार," मी बोललो, "हे मला कसे ओळखतात?"

दातारांचा चेहरा असा झाला, जसा पहिल्या दिवशी बोंबील धरताना झाला असेल. त्यांनी लॅपटॉपचा आवाज बंद केला.

"वीस तारखेला एकट्याने जेवायचं नाही, असा बागेत नियम आहे," खाली बघत बोलले. "मित्राबरोबर जेवायचं. सगळे आपापल्या मित्राला घेऊन बसतात. मी पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं, माझा मित्र काशिनाथ आत स्वयंपाकघरात आहे. मासे तळतोय. कॅमेऱ्याला लाजतो."

"किती दिवस सांगताय?"

"तीन वर्षं."

"दर महिन्याला मी आत मासे तळतोय?"

"हो."

"आणि आपण बोलत नव्हतो तेव्हा?"

"तेव्हाही तळतच होतात."

दातार अजून खालीच बघत होते.

"एक महिना सोडून," ते हळूच बोलले. "यशोदाबाई गेल्या त्या महिन्यात सांगितलं, आज तो तळणार नाही, त्याची बायको गेली. तेव्हा सगळ्यांनी नाव विचारलं. त्या वीस तारखेला सगळे त्यांच्या नावाने जेवले. ग्रीसमध्ये, अमेरिकेत, सगळीकडे. तुम्हाला सांगायचं राहून गेलं."

पडद्यावर दाढीवाला हातवारे करून काहीतरी विचारत होता. तोंड हलत होतं, आवाज नव्हता. मी बोललो, आवाज चालू करा. दातारांनी केला.

"काय बोलतोय तो?"

दातारांनी चष्मा सारखा केला. "विचारतायत... झाले का एकदाचे तळून?"

मी खुर्ची ओढली आणि दातारांच्या बाजूला बसलो. ताटली दोघांच्या मध्ये ठेवली, कॅमेऱ्यात दिसेल अशी.

"सांगा त्यांना," मी बोललो, "बोंबील ओले होते. पाणी फार असतं त्यांच्यात. वेळ लागतो."